भाव चढला, पण पोती घटली

येवला तालुक्याच्या राजापूर-ममदापूर पट्ट्यातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांना विचारून ते थोडं आटोपशीर करून देतो.

"आमच्या सात गावांची मिळून शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद चारशेच्या वर. सभासदांचा मका घ्यायचा, चाळून-वाळवून पोल्ट्रीवाल्यांना आणि पशुखाद्याच्या कारखान्यांना द्यायचा, हा धंदा. मी संचालक मंडळात आहे, मंडळात बाई मी एकटीच. पाटल्या मोडून एक लाखाचे शेअर्स घेतले होते. गेल्या वर्षी 18,000 क्विंटल मका झाला आणि सगळा खर्च जाऊन 3 लाख 40 हजार नफा दाखवला. यंदा पावसानं दगा दिला. बिट्या (कणसं) भरल्याच नाहीत. आत्तापर्यंत 6,500 क्विंटल आला, पुढे फार येईल असं वाटत नाही. भाव मात्र बरा आहे, क्विंटलमागे सुटतातही जास्त. 2,000 क्विंटल गोदामात आहे. सीईओ म्हणतात, विकू नका, मेपर्यंत थांबू, इथेनॉलमुळे मका कडाडणार. उलट अजून 20 लाखांचं कर्ज काढून बाहेरचा मका भरून ठेवू. तिघा संचालकांना ते पटलंय. बँक म्हणते, सगळ्या संचालकांनी वैयक्तिक जामीन राहावं. आधीच्या 30 लाखांच्या सीसीच्या (कॅश क्रेडिट कर्जाच्या) वेळी मी कुठंतरी सही केली होती, कागद वाचला नव्हता. इकडे सभासद म्हणतात, गेल्या वर्षीचा नफा वाटा, दुष्काळात तेवढाच हातभार. एका पोल्ट्रीवाल्याकडे 11 लाख अडकलेत. मी सही करू का? नफा वाटावा का? माझे एक लाख काढून घेऊ का? आणि कंपनी टिकेल का? घरात रोज यावरून बोलणी खावी लागतात."

ताई, सहीचं आधी सांगतो, कारण घाई तिचीच आहे. नव्या 20 लाखांच्या जामिनावर सही करू नका. मंडळाच्या बैठकीत तसं स्पष्ट बोला आणि तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. "मी गैरहजर होते" असं पुढं म्हणावं लागू नये, म्हणून बैठकीला जाच.

कंपनीत शेअर घेतलेल्या माणसाची जोखीम शेअरच्या रकमेपुरती असते. कंपनी बुडाली तर तुमचे एक लाख जातील, घराला कुणी हात लावणार नाही. वैयक्तिक जामीन दिला की ही भिंत पडते. 1872च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कंपनीकडेच मागेल आणि मग तुमच्याकडे येईल, असं काही बंधन तिच्यावर नसतं. पाच जामीनदारांपैकी ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याकडे ती पहिल्यांदा येऊ शकते. म्हणून येत्या आठवड्यात एक काम करा. बँकेत जाऊन जुन्या सीसीच्या कागदांची प्रत लेखी अर्जानं मागा. सही संचालक म्हणून केलीत की जामीनदार म्हणून, हे त्या कागदावरच कळेल. जामीनदार म्हणून असेल तर संचालकपद सोडून ती जबाबदारी जात नाही, हेही ध्यानात घ्या.

केंद्राच्या 2020 सालच्या 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत तुमची कंपनी बसत असेल तर बँकेला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्या योजनेत विनातारण कर्जासाठी पतहमीची, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी देण्याची, सोय आहे. ती नाबार्डच्या नॅबसंरक्षण या कंपनीमार्फत मिळते. शेतकऱ्यांच्या कंपन्यांना घरदार गहाण न टाकता कर्ज मिळावं म्हणूनच ती काढलेली आहे. हा रस्ता न विचारताच संचालकांच्या सह्या मागणं बँकेला सोपं पडतं, म्हणून ती मागते. त्याच योजनेत सभासदांच्या भागभांडवलाइतकं अनुदान मिळतं, सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त 15 लाख. ते घेतलंय का, हे सीईओंना विचारा. चारशे सभासदांची कंपनी असं भांडवल सोडून बारा टक्क्यांच्या कर्जामागे लागत असेल तर ते बरोबर नाही.

आता मुळाकडे येतो. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "भाव मात्र बरा आहे, क्विंटलमागे सुटतातही जास्त." मंडळातला सगळा घोळ या वाक्यात आहे. माल विकणाऱ्या शेतकऱ्याला भाव तारतो. माल हाताळणारी कंपनी जगते ती पोत्यांच्या संख्येवर. दुष्काळात भाव चढतो आणि पोती घटतात, म्हणजे शेतकऱ्याचं आणि कंपनीचं गणित एकमेकांच्या उलट चालायला लागतं. तुमचे संचालक दोन्ही आहेत, शेतकरी आणि कंपनीचे कारभारी. भाव बघताना ते शेतकऱ्याच्या डोळ्यानं बघतात आणि निर्णय कंपनीचा घेतात.

तुम्ही पाठवलेल्या हिशेबावरून मी मांडणी केली आहे. गेल्या वर्षी खरेदीवरचं व्याज, हमाली, तोलाई, बारदाना, भाडं हे सगळं जाऊन क्विंटलमागे 70 रुपये सुटले. 18,000 क्विंटलचे झाले 12 लाख 60 हजार. मका येवो न येवो, करावाच लागतो असा वर्षाचा खर्च 9 लाख 20 हजार. त्यात सीईओ, हिशेबनीस आणि राखणदाराचे पगार 4 लाख 20 हजार, गोदामभाडं 1 लाख 20 हजार, चाळणी आणि ड्रायरचे हप्ते 2 लाख 60 हजार, वीज, विमा, ऑडिट मिळून 1 लाख 20 हजार. राहिले 3 लाख 40 हजार.

यंदा क्विंटलमागे 90 सुटतात. वीस रुपये जास्त, म्हणून सीईओ खूश. पण 6,500 क्विंटलचे होतात 5 लाख 85 हजार, आणि खर्च तोच 9 लाख 20 हजार. म्हणजे 3 लाख 35 हजारांचा तोटा. गेल्या वर्षीचा नफा जेवढा, जवळपास तेवढाच यंदाचा खड्डा, आणि तोही प्रत्येक पोत्यावर जास्त कमावून. नव्वदच्या हिशेबानं नुसती तोंडमिळवणी व्हायला 10,200 क्विंटलच्या वर मका लागतो. ही बेरीज एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बैठकीत मधोमध ठेवा. आकड्याशी भांडता येत नाही, त्यामुळे "बाईला काय कळतं" हे वाक्य तिथं आपोआप बंद होईल.

हा खड्डा सीईओंनाही दिसत असणार. तो भरून काढायला त्यांना एकच मार्ग सुचतो, माल दाबून ठेवायचा आणि चढा भाव घ्यायचा. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा अंदाज खराही ठरू शकतो. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर डिसेंबर 2023 मध्ये बंधनं आली आणि जानेवारी 2024 मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला 5 रुपये 79 पैशांनी वाढून 71 रुपये 86 पैसे झाला. मक्याला नवं गिऱ्हाईक आलंय, हे खरंच आहे.

पण थांबण्याची किंमत कुणी मांडली का? 2,000 क्विंटल, 2,150 च्या भावानं 43 लाखांचा माल. बारा टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज 1 लाख 72 हजार, म्हणजे क्विंटलमागे 86 रुपये. वाळून आणि किडून होणारी घट दोन टक्के धरली तर 43 रुपये. धुरी, राखण, पोती पालटणं याला 15. एकूण 144. मका मेमध्ये 2,294 ला गेला तर तुम्ही आज जिथं आहात तिथंच असाल. त्याच्या वर जे मिळेल ती कमाई. आणि भाव शंभरानं उतरला तर क्विंटलमागे 244 रुपये, म्हणजे 4 लाख 88 हजार जातील. यंदाचा 3 लाख 35 हजारांचा तोटा धरला तर एका वर्षात सव्वाआठ लाख. त्या धक्क्यातून कंपनी उठणार नाही.

मेपर्यंत थांबायचं म्हणतात, तर मेमध्ये काय येतं तेही बघायला हवं. बिहारचा रब्बी मका एप्रिल-मेमध्येच निघतो आणि पूर्णियाच्या गुलाबबाग बाजारात त्याचे ढीग लागतात. एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचा पावसाचा पहिला अंदाज येतो, आणि "सामान्य पाऊस" हे दोन शब्द ऐकले की साठेबाजांचा धीर सुटतो. तिसरी गोष्ट नाशिककराला शिकवायला नको. टंचाईत भाव चढला की सरकार मधे पडतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, आणि लासलगावात लिलाव थांबले. मक्याच्या बाबतीत तसं होईलच असं नाही. पण तुमच्या गोदामातल्या मालाचा भाव ठरवणारे हात तुमच्या तालुक्यात नाहीत, एवढं धरूनच निर्णय घ्या.

2021 ची एक गोष्ट सांगतो. सोयाबीनचा भाव त्या ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या वर गेला होता. मी तेव्हा एका संस्थेचे हिशेब बघत होतो. गोदामात 600 क्विंटल सोयाबीन, गिऱ्हाईक 9,000 द्यायला तयार. मंडळ म्हणालं, अकरा होऊ दे. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल बाजारात आला, आणि दिवाळीच्या तोंडावर तोच माल आम्ही 5,200 ला दिला. मला व्याजाचा आकडा माहीत होता. त्या बैठकीत मी तो बोललो नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. माल भरायला ट्रक लागला तेव्हा ज्या म्हाताऱ्या सभासदानं पहिलं पोतं दिलं होतं तो गोदामाच्या दारात उभा होता. "साहेब, काय भावानं चाललं?" एवढंच त्यानं विचारलं. तुम्हाला मी एवढं सविस्तर लिहितो आहे ते त्या दिवसामुळे.

मोठमोठ्या कंपन्यांनाही दुष्काळ याच जागी पकडतो. ऑस्ट्रेलियात ग्रेनकॉर्प नावाची कंपनी आहे, 1916 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं काढलेल्या धान्यकोठारांतून उभी राहिलेली. पूर्व किनाऱ्यावर तिची कोठारं आणि बंदरं. तिचा पैसा टनावर सुटतो, साठवणुकीचा, हाताळणीचा, जहाजात भरण्याचा. तिथं दुष्काळ पडला की गव्हाचं उत्पादन निम्म्याच्या खालीही येऊ शकतं. 2005-06 मध्ये सुमारे 25 दशलक्ष टन होतं, पुढच्याच हंगामात 11 च्या आत आलं. 2018-19 च्या दुष्काळात गहू महागला, तरी ग्रेनकॉर्पनं त्या वर्षी 113 दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर तोटा दाखवला. कोठारं रिकामी, पगार चालू.

त्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या मला शिकण्यासारख्या वाटतात. परदेशी माल पाठवायला बांधलेली बंदरं त्यांनी उलटी चालवली, पश्चिमेकडचं आणि दक्षिणेकडचं धान्य जहाजानं पूर्वेला आणून उतरवलं. यंत्र रिकामं ठेवलं नाही. आणि 2019 मध्ये त्यांनी दहा वर्षांचा करार केला: पूर्व ऑस्ट्रेलियातलं हिवाळी पीक 15.3 दशलक्ष टनांच्या खाली गेलं तर कमी पडलेल्या दर टनामागे कंपनीला 15 डॉलर मिळणार, 19.3 च्या वर गेलं तर जादा टनामागे 15 डॉलर कंपनीनं द्यायचे. दोन्हीकडे वर्षाची मर्यादा ठरलेली. 2021 च्या भरघोस वर्षी त्यांनी पैसे भरलेही. भावाचा नव्हे, टनांचा विमा. चांगल्या वर्षानं वाईट वर्षाचं देणं द्यायचं, हीच त्यातली कल्पना.

तुमच्या कंपनीला असा करार कोण देणार? पण तीच कल्पना आपल्या पद्धतीनं राबवता येते. चांगल्या वर्षी क्विंटलमागे दहा रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे, ठराव करून, आणि त्याला दुष्काळ निधी म्हणायचं. गेल्या वर्षी तसं केलं असतं तर आज 1 लाख 80 हजार हाताशी असते. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मालेगाव आणि सिन्नरबरोबर तुमचं येवलाही होतं. त्यातून वीजबिलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती मिळते ती शेतकऱ्याला. पीकविमाही शेतकऱ्याचाच. तुमच्या सभासदांना ते मिळवून द्यायला कंपनीनं जरूर धावपळ करावी. पण कंपनीच्या सीसी खात्याला यातलं काही आपोआप लागेल असं धरू नका. मशिनरीच्या हप्त्यांसाठी बँकेकडे वेगळा लेखी अर्ज करा, वसुलीची नोटीस येण्याआधी. आधी येणाऱ्याशी बँक वेगळी बोलते, हा माझा अनुभव आहे.

आता गोदामातल्या मालाचं. सगळा एका दिवशी विकून टाका असं मी म्हणत नाही. दर पंधरवड्याला 500 क्विंटल काढा. पहिल्या दोन विक्रीतून सीसी खाली आणा, म्हणजे व्याज निम्म्यावर येईल. तोवर भाव चढलाच तर राहिलेल्या मालाला त्याचा फायदा मिळेलच. विक्री रोखीनं. ज्याच्याकडे 11 लाख अडकलेत त्याला, जुनी बाकी अर्धी तरी आल्याशिवाय, एक पोतं देऊ नका, तो क्विंटलला पन्नास जास्त देतो म्हणाला तरी. तुमच्या गेल्या वर्षीच्या 3 लाख 40 हजारांचं खरं रूप हे आहे, ताई. ते बँकेत नाहीत, पोल्ट्रीवाल्याच्या शेडमध्ये आहेत.

आणि ज्या सभासदांना भाव वाढेलच असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. त्यांनी आपला मका कंपनीला विकूच नये. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीमार्फत चालते, शेतकऱ्याच्याच मालाला मिळते, 180 दिवसांसाठी 6 टक्के व्याजानं. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, पैसे उपलब्ध आहेत का, हे आधी विचारून घ्या. ज्याला थांबायचं आहे तो स्वतःच्या मालावर, स्वतःच्या नावानं थांबेल. उरलेल्या तीनशे-साडेतीनशे जणांच्या भांडवलावर तीन जणांच्या अंदाजाचा डाव लागणार नाही.

तोटा कमी करायला मंडळानं आपली ताकद रिकाम्या यंत्रांवर लावावी. चाळणी आणि ड्रायर वर्षातले किती दिवस बंद असतात? चाळीसगाव, जळगावकडचा रब्बी मका येईल, व्यापाऱ्यांचा बाजरी-गहू येईल. दुसऱ्याचा माल क्विंटलला 25 रुपये घेऊन चाळून द्या. 5,000 क्विंटल मिळाले तरी सव्वा लाख येतात, आणि त्यात तुमचा एक रुपया मालात अडकत नाही. अर्ध गोदाम मोकळं होणार आहे, ते पोटभाड्यानं द्या, मालकाला विचारून. साठ हजार सुटले तर 3 लाख 35 हजारांचा खड्डा दीड लाखावर येतो. पुढच्या वर्षी पाऊस ऑगस्टमध्येच दडी मारून बसला, जसा यंदा बसला, तर बिट्या भरायची वाट न बघता सभासदांचा उभा मका मुरघासासाठी (हिरवा चारा मुरवून ठेवायला) घ्यायची तयारी ठेवा. सिन्नर-निफाडकडे दुधाची जनावरं आहेत, दुष्काळात चाऱ्याला धान्याइतकीच मागणी असते. फक्त ताण पडलेल्या मक्याच्या चाऱ्यात जनावरांना घातक असं नायट्रेट वाढतं, म्हणून पशुवैद्यकाला दाखवून मगच द्यायचा.

नफा वाटावा का, याचं उत्तर या दीड लाखात आहे. तो खड्डा भरायला गेल्या वर्षीची शिल्लक लागणार आहे. आज ती रोख वाटायची म्हटलं तर कर्ज काढूनच वाटावी लागेल, कारण पैसा हातात नाही. उत्पादक कंपनीच्या कायद्यात साठवून ठेवायचा राखीव निधी सक्तीचा आहे, शेअरवर मर्यादित परतावा देता येतो आणि व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देता येतो. हा बोनस रोखीतच द्यावा असं नाही, समभागांच्या रूपातही देता येतो. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि सभासदांपुढे हे उघड मांडा. "दुष्काळ सरेपर्यंत रोख नाही, पण ज्यानं जितका मका घातला त्याच्या नावावर तितके समभाग" असा ठराव ठेवा. लोक चिडतील. चुलीजवळ बसलेल्या माणसाला समभागाचा कागद काय कामाचा, असं कुणीतरी म्हणेल, आणि त्याचं दुःख खरं असेल. त्याला खरा ताळेबंद दाखवा. मी पाहिलेल्या सभांत माणसं तोट्यानं उठून गेली नाहीत, लपवलेल्या आकड्यानं गेली.

तुमच्या एक लाखाबद्दल. उत्पादक कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. मंडळाच्या संमतीनं दुसऱ्या सक्रिय सभासदाच्या नावे करता येतो, तोही दर्शनी किमतीला. यंदा घेणारा मिळणं अवघड. आणि मंडळातली एकटी बाई आपले पैसे काढते आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत सातही गावांत जाईल, उरलेला मकाही व्यापाऱ्याकडे वळेल. ते पैसे राहू द्या. मात्र त्यावर नवा एक रुपयाही घालू नका, ना शेअरमध्ये, ना उसनवारीनं. घरच्यांना हे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवा. पाटल्या मोडल्याचा सल त्यांच्याही मनात असणार, आणि तो रास्त आहे.

कंपनी टिकेल का, असं तुम्ही विचारलंत. नवं कर्ज घेतलं नाही, सीसी खाली आणली, आणि पोल्ट्रीवाल्याची निम्मी बाकी मार्चअखेर वसूल झाली, तर ती या दुष्काळातून निघेल, थोडी अशक्त होऊन. पुढचा पाऊस बरा झाला तर 18,000 क्विंटल परत येतील, कारण आसपास एवढी मोठी चाळणी दुसऱ्या कुणाकडे नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

बैठकीच्या आधी मात्र गोदामात स्वतः जा. रजिस्टर हातात घ्या, थप्प्या मोजा, एका थप्पीत किती पोती हे राखणदाराकडून समजून घ्या. चार वेगवेगळ्या थप्प्यांमधून, वरच्या पोत्यातून नव्हे तर मधल्या पोत्यातून, मूठभर मका काढा. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, ओलावा 14 टक्क्यांच्या वर नको. हिरवट-पिवळी बुरशी दिसते का, सोंडे (धान्यातले किडे) लागलेत का, पीठ पडतंय का ते बघा. दुष्काळात ताण पडलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, धोका जास्त असतो, आणि ते निघालं तर पोल्ट्रीवाला गाडी दारातून परत पाठवतो, मग मे काय आणि जानेवारी काय. एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. मी वर मांडलेला सगळा हिशेब 2,000 क्विंटल चांगला मका तिथं आहे असं धरून आहे. मोजणीत आकडा कमी निघाला, किंवा माल खराब निघाला, तर बैठकीची वाट बघू नका, त्याच दिवशी मला कळवा.